नवे नाव
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



2025 च्या मे महिन्यात मंडळाचे पापड चालले होते. त्याच दिवसांत रोमला नवे पोप निवडले गेले, आणि लाटता लाटता आपल्यापैकी एकीने विचारले, “अगं, त्या माणसाचे नाव कालपर्यंत रॉबर्ट होते ना? मग आज लिओ कसे झाले? त्यांच्यातही सासरी गेल्यावर नाव बदलतात की काय?” सगळ्याजणी हसल्या आणि पुन्हा लाटण्याला लागल्या. प्रश्न थट्टेचा असला तरी मला तो पोकळ वाटला नाही. माझी एक बालमैत्रीण नगरला राहते, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला. (गावाचे नाव 2024 साली बदलले, पण एस.टी.त अजून सगळे नगरच म्हणतात.) तिच्या शेजारी ख्रिस्ती कुटुंब आहे. तिच्याकडून थोडे विचारून घेतले, थोडे वर्तमानपत्रांतून आणि वाचनालयाच्या पुस्तकांतून मिळाले. ते आज तुमच्यापुढे ठेवते.

पोप म्हणजे कॅथलिक पंथाच्या ख्रिस्ती लोकांचे सर्वांत मोठे धर्मगुरू. ते गेले की जगभरचे कार्डिनल रोमला जमतात आणि दार लावून मतदान करतात. 2025 साली असे 133 जण मतदानाला होते. गोव्याचे आर्चबिशप फिलिप नेरी फेराव हेही त्यांत होते, म्हणजे आपल्या बाजूचा माणूसही तिथे होता म्हणायचे. दोन तृतीयांश मते पडली की निवड झाली. मग त्या माणसाला दोन प्रश्न विचारतात. पहिला, ही निवड तुम्हांला मान्य आहे काय? आणि दुसरा, तुम्हांला कोणत्या नावाने ओळखावे? तो जे नाव सांगेल तेच मग बाहेरच्या सज्जातून लोकांना ऐकवतात. नाव सांगण्याचे काम त्याचे एकट्याचे. दुसऱ्या कुणाचा त्यात शब्द चालत नाही. हा दुसरा प्रश्न, भगिनींनो, तुम्ही ध्यानात ठेवा. पुढे मला त्याचे काम आहे.

ही चाल पडली कशी? त्यांच्या धर्मग्रंथात अशी कथा आहे की येशूने आपल्या शिमोन नावाच्या शिष्याला पेत्र हे नवे नाव दिले. पेत्र म्हणजे खडक. या खडकावर मी माझी मंडळी उभारीन, असे येशू त्याला म्हणाला. हा शिमोन जातीचा कोळी, जाळे टाकून मासे धरणारा. त्यालाच ते लोक पहिला पोप मानतात. तरी त्याच्यामागून कित्येक शतके जे पोप झाले ते आपापल्या नावानेच झाले. मग 533 साली मर्क्युरियस नावाचे एक गृहस्थ निवडून आले. मर्क्युरी हा जुन्या रोमन लोकांचा देव, आपण ज्या ग्रहाला बुध म्हणतो त्याचे तेच नाव. ख्रिस्ती धर्माच्या गादीवर जुन्या देवाचे नाव कसे शोभेल, म्हणून त्यांनी जॉन हे नाव घेतले. पुढे 983 साली जे निवडून आले त्यांचे नावच मुळी पीटर, म्हणजे आपले पेत्र. त्या पहिल्या पेत्राच्या बरोबरीने आपण दुसरे पीटर म्हणवून घेणे त्यांना धाडसाचे वाटले असावे. त्यांनीही जॉनच घेतले. आजवर दुसरा पीटर कुणी झाला नाही. त्यानंतर परदेशातून आलेले पोप आले, त्यांची नावे रोमच्या लोकांच्या जिभेला जड, त्यांनीही बदलली. असे होता होता चाल रूढ झाली. मौज अशी की तसा लेखी नियम कुठेच नाही. 1522 साली निवडलेल्या एड्रियन यांनी आणि 1555 साली निवडलेल्या मार्सेलस यांनी आपले मूळ नाव ठेवले, आणि कुणी त्यांना अडवले नाही. मार्सेलस बिचारे बावीसच दिवस गादीवर राहिले. ते अपशकुनाचे ठरले की काय न कळे, पण त्यांच्यामागून एकानेही आपले नाव ठेवलेले नाही.

नाव निवडताना ज्याच्या पावलावर पाऊल टाकायचे त्याचे घेतात. 2013 साली अर्जेंटिनाचे बेर्गोलिओ निवडून आले, तेव्हा शेजारी बसलेल्या मित्राने त्यांना मिठी मारली आणि गरिबांना विसरू नका असे म्हटले. त्यांच्या मनात लगेच असीसी गावचा फ्रान्सिस आला. श्रीमंत व्यापाऱ्याचा मुलगा असून सगळे सोडून गरिबीत राहिलेला तो साधू. त्यांनी फ्रान्सिस नाव घेतले. त्यापूर्वी कोणत्याही पोपने ते घेतले नव्हते. ते 2025 च्या एप्रिलमध्ये वारले. आता जे आले त्यांनी लिओ नाव घेतले, कारण तेरावे लिओ यांनी 1891 साली गिरणी-कारखान्यांतल्या मजुरांच्या हक्कांविषयी मोठे पत्रक काढले होते. आताही नवी यंत्रे माणसाचे काम हिरावून घेतील अशी धास्ती आहे, म्हणून मी ते नाव घेतले, असे त्यांनी स्वतः सांगितले. म्हणजे नाव काय घेतले यावरूनच पुढे काय करायचे ते लोकांना कळते.

आता आपल्याकडे या. गादीवर बसताना नवे नाव घेणे आपल्याला काही नवीन नाही. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा गोपाळ नावाचा मुलगा 1875 साली बडोद्याला दत्तक गेला आणि सयाजीराव गायकवाड झाला. कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव 1884 साली कोल्हापूरच्या गादीला दत्तक गेला आणि शाहू महाराज झाला. दोघांनी पुढे केलेले काम सर्वांना ठाऊक आहे, मी काय सांगू! पण दोघेही दत्तक जाताना पोरवयाचे होते. तुला कोणते नाव हवे, असे त्यांना कुणी विचारले असेल असे मला वाटत नाही. झाशीला तर याहून जिवाला लागणारी गोष्ट झाली. राणी लक्ष्मीबाईंचे तान्हे बाळ, दामोदर, चार महिन्यांत गेले. पुढे 1853 साली गंगाधरराव मरणाला टेकले तेव्हा आनंदराव नावाचा मुलगा दत्तक घेतला, आणि त्याला नाव दिले दामोदर. गेलेल्या लेकराचे नाव दुसऱ्या लेकराला! त्या माउलीने त्याला पहिल्यांदा हाक मारली असेल तेव्हा तिच्या घशात काय झाले असेल, हे आपल्यापैकी जिचे लेकरू गेले आहे तिलाच कळेल. आणि लक्ष्मीबाई हे तरी तिचे कुठले? ती मनकर्णिका, तांब्यांची लेक. 1842 साली लग्न झाले आणि ती लक्ष्मीबाई झाली.

आपल्या शिवनेरीवर 1630 साली जन्मलेल्या महाराजांनी मात्र 1674 साली रायगडावर राज्याभिषेक झाला तरी नाव बदलले नाही. छत्रपती ही पदवी जोडली. पण आईने हाक मारली तेच नाव सिंहासनावर चढले. मला याचा अभिमान वाटतो, आणि जुन्नर तालुक्याची म्हणून जरा जास्तच वाटतो.

दुसरी रीत संन्याशांची. येथून ओतूरला बाजाराला आपण किती वेळा जातो! तिथे कपर्दिकेश्वराच्या देवळाजवळ बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. ते तुकाराम महाराजांचे गुरू. त्यांच्या गुरुपरंपरेत राघव चैतन्य, केशव चैतन्य अशी नावे येतात. चैतन्य हे त्या घराण्याचे आडनावच म्हणा ना. फरक इतकाच की ते बापाकडून आलेले नाही, गुरूकडून आलेले आहे. संन्यास घेणारा माणूस स्वतःच्या हाताने स्वतःचे श्राद्ध करतो आणि मग नवे नाव घेतो. ज्ञानेश्वर माउलींचे वडील विठ्ठलपंत काशीला जाऊन संन्यासी झाले. गुरूंनी त्यांचे नाव चैतन्याश्रम ठेवले असे परंपरेने सांगतात. घरी बायको आहे हे कळल्यावर गुरूंनीच त्यांना परत पाठवले, आणि त्यांची चारही लेकरे जन्मभर संन्याशाची पोरे म्हणून हिणवली गेली. एकदा टाकलेले नाव पुन्हा अंगावर घेणे समाज इतक्या सहज चालू देत नाही.

संन्याशाच्या जुन्या नावाला पूर्वाश्रमीचे नाव म्हणतात. आणि हाच शब्द आपण आणखी कुणाला लावतो? वर्तमानपत्रात एखाद्या बाईच्या निधनाची बातमी वाचा. “सौ. अमुक अमुक, पूर्वाश्रमीच्या कु. तमुक.” सासरी जाणे म्हणजे जणू संन्यासच! ज्याने हा शब्द प्रथम आपल्याला लावला त्याला काय म्हणायचे होते कोण जाणे, पण त्याने खरे तेच सांगितले.

आपल्या भागात सगळ्याच घरांत मुलीचे पहिले नाव बदलतात असे नाही. पुष्कळ घरांत ते तसेच राहते, बापाचे नाव आणि आडनाव तेवढे जाते. पण जिथे बदलतात तिथला सोहळा आपण पाहिलेला आहे. नवरी माप ओलांडून आत येते, लक्ष्मीपूजन होते, ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यावर नवे नाव लिहितो. बायका वाकून वाचतात, कुणी म्हणते छान आहे हो, आणि पेढे वाटतात. मग ताट हलवले की अक्षरे मोडतात, तांदूळ डब्यात जातात, नाव तेवढे कायमचे राहते. सासरी एकदा नाव ठेवतात आणि पुढे जन्मभर नावे ठेवतात, असे आपल्यात गमतीने म्हणतात ते काही उगाच नाही.

आपला माळशेज घाट उतरून गेले की कल्याण लागते. तिथल्या जोशांची यमुना नऊ वर्षांची असताना 1874 साली गोपाळराव जोश्यांशी तिचे लग्न झाले आणि ती आनंदी झाली. 1886 साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ती डॉक्टर झाली आणि दुसऱ्याच वर्षी, बावीस पुरी व्हायच्या आत, पुण्यात वारली. आज शुक्र ग्रहावरच्या एका विवराला तिच्या स्मरणार्थ जोशी हे नाव आहे. कुर्लेकरांची दुसरी एक यमुना 1873 साली न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी आली आणि रमाबाई झाली. पुण्याच्या सेवासदनामागे याच रमाबाई होत्या. आपण दोघींनाही यमुना म्हणून ओळखत नाही. आता मी अन्याय करणार नाही. गोपाळरावांनी आनंदीला नाव दिले तशी अक्षरेही दिली, रानड्यांनीही दिली. त्या काळी किती नवऱ्यांनी ती दिली? पण नाव तिला विचारून ठेवले काय, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही.

आणखी एक मनकर्णिका सांगते. गोखल्यांची मनकर्णिका नारायण वामन टिळकांच्या घरी आली आणि लक्ष्मी झाली. ज्यांनी ‘स्मृतिचित्रे’ वाचले असेल त्यांना लक्ष्मीबाई टिळक वेगळ्या सांगायला नकोत. 1895 साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या, हालांत राहिल्या, आणि मग 1900 साली त्याही ख्रिस्ती झाल्या. पण ख्रिस्ती होऊनही नारायण हे नारायणच राहिले आणि लक्ष्मी ही लक्ष्मीच राहिली. भगिनींनो, देव बदलला, समाज सुटला, आप्तांनी पाठ फिरवली, एवढे मोठे स्थित्यंतर झाले. त्याला नाव बदलावे लागले नाही. लग्नाला मात्र लागले!

नाव बदलण्याला माझा विरोध आहे असे कुणी समजू नये. आपल्यापैकी कितीतरी जणींना सासरचे नाव आवडते. माहेरी दगडी किंवा धोंडी म्हणून हाक मारायचे, इथे छान सुमन झाले म्हणून समाधान मानणाऱ्या आहेत. नवे नाव माणसाला बळ देते हेही खोटे नाही. त्याचे सर्वांत चांगले उदाहरण मला रोमचे वाटत नाही, आपल्या सातारा जिल्ह्याचे वाटते. मुलगा हवा असताना पुन्हा मुलगी झाली की तिचे नाव नकोशी किंवा नकुसा ठेवायचे, असा प्रकार तिकडे होता. शाळेत हजेरी घेताना गुरुजी रोज म्हणणार, नकोशी! आणि ती पोर उभी राहून म्हणणार, हजर! 2011 च्या ऑक्टोबरात तिथे अशा 285 मुलींचे नव्याने नामकरण झाले, त्यांना नव्या नावाचे दाखले मिळाले. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी सावित्री, कुणी वैशाली. पोपांना विचारतात तो दुसरा प्रश्न त्या दिवशी त्या पोरींना विचारला गेला, तुला काय म्हणू? ही बातमी वाचली तेव्हा माझ्या डोळ्यांना पाणी आले होते. आपल्या तालुक्यात अशा नावाची एखादी मुलगी कुणाला माहीत असेल तर तिच्या आईशी जाऊन गोड बोलून पाहावे, असे मला वाटते.

आता घरगुती अडचणीचे. आपल्या शिवारातली एक भगिनी आहे, तिचे नाव मी सांगत नाही. शाळेच्या दाखल्यावर तिचे एक नाव, आधार कार्डावर सासरचे दुसरे. वडील वारले. 1994 साली आपल्या राज्याने आणि 2005 साली साऱ्या देशाने हिंदू कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने हक्क दिला आहे. भाऊ चांगला, हिस्सा द्यायला तयार. पण वारसाची नोंद करायला गेली तर कचेरीत विचारले, या दोघी एकच कशावरून? दाखल्यावरची ती आणि समोर उभी असलेली ती! प्रतिज्ञापत्र करा, लग्नपत्रिका आणा, पोलीस पाटलांचा दाखला आणा. दोन पावसाळे तिने खेटे घातले. आजवर कितीदा आपण बचत गटाच्या खात्याच्या वेळी हा घोळ पाहिला! पुरुषाला हा प्रश्न जन्मात कुणी विचारत नाही.

म्हणून चार गोष्टी माहीत असाव्यात. लग्न झाल्यावर स्त्रीने नाव बदललेच पाहिजे असा कायदा आपल्या देशात नाही. ती चाल आहे, कायदा नव्हे. बदलायचेच असेल तर राजपत्रात छापून घ्यावे आणि ते पान सांभाळून ठेवावे, लग्नपत्रिका आणि विवाह नोंदणीचा दाखलाही ठेवावा. डब्यातल्या दागिन्यांइतकेच ते कागद मोलाचे आहेत. आणि सूनबाई घरात यायची असेल तर तांदळाचे ताट पुढे ठेवण्यापूर्वी, शक्य तर साखरपुड्यालाच, तिला बाजूला घेऊन विचारावे, की बाई, तुला काय म्हणून हाक मारू? हेच नाव राहू दे म्हणाली तर ताटात तेच लिहावे. अंगठी तीच, तांदूळ तेच, पेढेही तेवढेच लागतात. एका घरी असे झालेले मी पाहिले आहे. सासूबाई आधी जरा घुटमळल्या, पण मुलीचे स्वतःचे नाव तांदळावर उमटलेले पाहून तिच्या आईने पदर तोंडाला लावला, तेव्हा त्यांनाही बरे वाटले असावे.

शासनानेही या बाबतीत एक पाऊल टाकले आहे. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव, अशी नोंद होते. परवा बारशाला गेले होते तिथे आजोबा कागद पुन्हा पुन्हा वाचत होते, सुनेचे नाव मध्ये आले म्हणून. रागाने वाचत होते की कौतुकाने, ते काही कळले नाही.

शेवटी आपल्या मंडळापुरती एक सूचना मांडते आणि बसते. दरवर्षी स्मरणिकेच्या मागच्या पानांवर सभासदांची यादी छापतो. ती मी काल चाळून पाहिली. त्यांत निम्म्या ठिकाणी आहे ते नवऱ्याचे नाव आणि आडनाव, मागे नुसते सौ. त्या सौ. पुढची बाई कोण, हे दहा वर्षांनी वाचणाराला कळायचे नाही. तेव्हा यंदाची यादी नव्याने करावी. जिला सासरचे नाव हवे तिने ते द्यावे, जिला माहेरचे हवे तिने ते, जिला दोन्ही हवी तिने दोन्ही. विधवा भगिनींच्या नावामागे काय लिहायचे किंवा काहीच लिहायचे नाही, तेही त्यांनीच सांगावे. मी एक वही आणली आहे. चहा झाला की ती दाराजवळच्या टेबलावर ठेवते. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी आपले नाव माझ्या कानात सांगितले तरी चालेल, मी लिहून घेईन. छापखान्यात मजकूर द्यायला अजून आठ दिवस आहेत, तेवढ्यात कुणाचे मन बदलले तरी खोडून दुसरे लिहिता येईल.